कॅप्टन पास आऊट झाला, आता?

आशिया-पॅसिफिक रोबोकॉन २००८ आणि २०१४ मध्ये आपल्या पुण्यात झाली. तिथे रोबोसोबत मैदानात उतरतात तीनच विद्यार्थी. मागे मात्र मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंगवाली अख्खी फौज रात्री जागते. तुमच्या टीममध्ये सगळं फायनल इयरच्या एकाच दादाला किंवा ताईला येतं का? मग ते पास आऊट झाले की कोडही त्यांच्या लॅपटॉपसोबत गेला समजा! ज्युनिअर्स वर्षभर नुसते स्क्रू आवळत बसले, तर पुढच्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा. म्हणून प्रत्येक विभागप्रमुखाच्या जोडीला सेकंड इयरचा उपप्रमुख नेमा. वायरिंग, खर्च, झालेल्या चुका वहीत लिहा. सरावात कंट्रोलर त्याच्या हाती द्या. रोबो धडपडेल, धडपडू दे. आणि हे स्पर्धेनंतर नको, याच आठवड्याच्या मीटिंगला करा.