आधी चिप ओळखा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि दुरुस्तीच्या दुकानांत एक वेगळे गिऱ्हाईक येऊ लागले. लॅपटॉप धडधाकट आहे, पण विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. नवा घ्यायचा नाही. कुणीतरी लिनक्स सुचवले आहे. आपण मिंट किंवा उबुंटू चढवून देतो. स्क्रीन लागते, आवाज येतो, मराठी टंक नीट दिसतो. गिऱ्हाईक घरी जाते आणि संध्याकाळी फोन येतो : वाय-फाय दिसतच नाही.

नवख्या माणसाची यात मोठी कोंडी होते. नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. चार दिवस तो धडपडतो, सापडेल ती कमांड टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि शेवटी आधार संपलेले विंडोजच परत टाकून मागतो. लिनक्स त्याला अवघड वाटले नव्हते. नेट लागले असते तर तो राहिला असता. म्हणून ही जबाबदारी त्याची नसून यंत्र हातात घेणाऱ्या आपली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्यापैकी बरेच जण अजूनही खोक्यावरच्या नावावरून ड्रायव्हर शोधतात. लिनक्सला त्या नावाशी कर्तव्य नसते. त्याला आतली चिप कळते. टीपी-लिंकचे टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे यूएसबी अडॅप्टर घ्या. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती आणि ती लिनक्सवर लावताक्षणी चालते. दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात रिअलटेकची चिप आली. मॉडेल तेच, ड्रायव्हर मात्र सर्वस्वी वेगळा. म्हणून पहिली कमांड नेहमी ओळख विचारणारी हवी : आतल्या कार्डासाठी एलएसपीसीआय -एनएन, यूएसबीसाठी एलएसयूएसबी. दोन्हींत कंपनी आणि उपकरण यांचा जोडक्रमांक मिळतो. एलएसपीसीआयमध्ये १४ई४ दिसले की ब्रॉडकॉम, १०ईसी दिसले की रिअलटेक. (काही यूएसबी अडॅप्टर आधी सीडी ड्राइव्ह असल्यासारखे भासतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो. त्यांना यूएसबी-मोडस्विच हे साधन ताळ्यावर आणते.)

ब्रॉडकॉमचा इतिहास तरुण तंत्रज्ञांनी जाणून घ्यावा. या कंपनीने आपल्या वायरलेस चिपांची माहिती दीर्घकाळ दिली नाही. स्वयंसेवकांनी कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरची उकल करत उलट दिशेने बी४३ हा ड्रायव्हर घडवला. फर्मवेअर वाटण्याचा हक्क मात्र त्यांच्याकडे नव्हता. ते वापरणाऱ्यालाच कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून काढावे लागे. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने पहिला मुक्त ड्रायव्हर दिला, पण तो सगळ्या चिपांसाठी नव्हता. बीसीएम४३१४२, म्हणजे १४ई४:४३६५, ही चिप अनेक स्वस्त लॅपटॉपांत बसली आणि तिला आजही कंपनीचा बंदिस्त डब्ल्यूएल ड्रायव्हरच लागतो. समोर ही चिप असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून काम होते, फक्त त्यासाठी बहुतेकदा तात्पुरते नेट लागते. ते अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले की मिळते. लिनक्सला तो फोन तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. वर सांगितलेली कोंडी फोडायला याहून सोपा उपाय नाही आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवून ठेवावा.

क्रमांक कळला की एलएसपीसीआयला -एनएनके जोडून पाहा. कोणता ड्रायव्हर वापरात आहे ही ओळच नसेल तर ड्रायव्हर बसलेला नाही. ओळ आहे पण नेटवर्क दिसत नाही, तर कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेजमध्ये फर्मवेअर शोधा. उणे २ ही त्रुटी दिसली तर ती फाइल डिस्कवर नाही एवढाच तिचा अर्थ. यंत्र बिघडलेले नाही. डेबियनमध्ये हा प्रश्न फार छळत असे, कारण अ-मुक्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचे. २०२२ मध्ये तिथल्या सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून ते सोबत येते. ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही ठीक असूनही वाय-फाय बंद असेल तर आरएफकिल पाहा; बाजूचे बटण दाबले गेलेले असू शकते.

आता एका सवयीबद्दल परखडपणे लिहायला हवे. कर्नलबाहेरचा ड्रायव्हर कुठूनतरी उतरवून संकलित करायचा आणि यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे, हे काम अर्धे आहे. नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा संकलित करणारे डीकेएमएस लावले नसेल तर पुढच्या कर्नल अपडेटला ते वाय-फाय जाणार. सिक्युअर बूट चालू असेल आणि मॉड्यूलच्या सहीची किल्ली नोंदवलेली नसेल तर ते मुळात सुरूच होणार नाही. त्यापेक्षा आधी नवा कर्नल वापरून पाहावा. रिअलटेकच्या ८८२१सीई चिपसाठी उबुंटू २०.०४ च्या मूळ ५.४ कर्नलवर लोक रात्र-रात्र संकलन करत बसले, ५.९ पासून तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. तरीही जमले नाही तर इंटेलचे कार्ड किंवा अथेरॉसचे अडॅप्टर बसवावे. त्याआधी बायोस तपासावे, काही जुन्या लॅपटॉपांत ते ठरावीक कार्डेच स्वीकारते. गिऱ्हाइकाला हा खर्च आधीच सांगितला तर ते कुरकुर करत नाही, असा अनेक दुकानांचा अनुभव आहे.

यंत्र स्वीकारतानाच लाइव्ह पेनड्राइव्हवरून ते सुरू करा आणि वाय-फाय गिऱ्हाइकासमोर जोडून पाहा. चिपचा क्रमांक, कर्नलची आवृत्ती आणि केलेला उपाय बिलाच्या मागे लिहून द्या, म्हणजे पुढच्या तंत्रज्ञाला तिथूनच काम पुढे नेता येईल. त्या नोंदींची प्रत आमच्याकडेही पाठवा. चालले ते आणि न चालले तेही कळवा. महाराष्ट्रातल्या दुकानांत प्रत्यक्ष येणाऱ्या चिपांची यादी या मासिकात छापायची आमची इच्छा आहे आणि ती तुमच्या नोंदींशिवाय तयार होणार नाही.