कष्टाला व्यायाम समजू नका

"दिवसभर राबतोच की आम्ही, आम्हाला आणखी व्यायाम कशाला?" हा प्रश्न रत्नागिरीतल्या आमच्या वस्त्यांत आम्हाला हमखास ऐकू येतो. विचारणारी भगिनी काजूच्या कारखान्यात दिवसभर बसून बिया सोलून आलेली असते, नाहीतर पावसाळ्यात कंबरेत वाकून भाताची लावणी करून. पन्नाशीच्या आतच तिचे गुडघे बोलू लागतात. अशा बाईला व्यायाम सांगणे ही चेष्टा वाटेल. पण तिलाच त्याची गरज जास्त आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. कष्टात तीच हालचाल हजार वेळा होते, एकाच बाजूवर भार येतो आणि विश्रांती मालकाच्या घड्याळावर ठरते. व्यायामात हालचाल मोजून होते, दोन्ही अंगांना सारखी होते आणि दुखले की थांबता येते. आमच्या आज्या पहाटे जात्यावर बसत. त्यात हात, खांदे, पाठ, पोट सारे लागे. पण अंगात ताप असला तरी दळण चुकत नसे. म्हणून जात्याचे गोडवे आम्ही गाणार नाही.

गुडघे दुखणाऱ्याला चालणे अवघड, धावणे अशक्य. त्यांच्यासाठी बसून करायच्या व्यायामाची यंत्रे निघाली आहेत. शरीराचा भार बैठकीवर असतो, पाऊल जमिनीवर आदळत नाही, म्हणून सांध्यांना हिसके बसत नाहीत. सांध्यातली कूर्चा हालचालीनेच पोसली जाते आणि मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचे दुखणे हलके होते. गुडघा दुखतो म्हणून नुसते बसून राहिल्यास तो अधिकच आखडतो.

यातले पहिले यंत्र वल्हवण्याचे. सरकत्या बैठकीवर बसायचे, पायांनी रेटायचे, मग पाठ मागे न्यायची, शेवटी हातांनी दांडी ओढायची. पाहणाऱ्याला हातांचे काम वाटते, पण खरा जोर पायांचा असतो. खाडीत होडी वल्हवणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातील मजुराच्या घरातला दत्तू भोकनळ सैन्यात गेला, तिथे वल्हवायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवले. असे खेळाडू जमिनीवरचा सराव याच यंत्रावर करतात.

मात्र यात गुडघा पुरता दुमडतो आणि कंबरेवर ताण येतो. ज्यांचा गुडघा फार झिजला आहे वा मणक्याचा त्रास आहे, त्यांना पाठ टेकून चालवायची सायकल बरी. तिच्याच जातीचे, हात आणि पाय दोन्ही चालणारे यंत्रही मिळते. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, सुजलेला सांधा किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. तो दहा-दहा मिनिटांचे तुकडे करूनही चालतो.

आता पैशाचा हिशेब. हप्त्यावर घरी यंत्र आणावे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. दोन महिन्यांत त्यावर ओले कपडे वाळत पडतात आणि हप्ता चालूच राहतो. समजा, २४ हजारांचे यंत्र तीस घरांनी मिळून घेतले तर घरटी ८०० रुपये, दहा महिन्यांत फेडल्यास महिना ८० रुपये. विहाराच्या सभागृहात कोपरा मिळाला तर भाडेही नाही. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, तेव्हा पुसण्याची आणि वंगणाची पाळी आधीच ठरवावी.

तोवर खुर्ची आहेच. न डुलणारी खुर्ची घ्या. ताठ बसा, एक पाय सरळ करा, पाच अंक मोजा, खाली घ्या. दोन्ही पाय दहा-दहा वेळा. मग अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातांत घेऊन खांद्यावर उचला. शेवटी हाताचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा प्रयत्न करा, जमेल तितकेच.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. सामुदायिक यंत्र आले की तरुण पोरे त्याचा ताबा घेतात आणि ज्यांच्यासाठी ते आणले त्या आया-मावश्या दारातून बघून परत जातात. म्हणून रोजचा एक तास फक्त महिलांचा असा नियम पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावा, आणि खोलीची किल्ली त्यांच्यापैकीच एकीच्या हातात द्यावी.