‘बहुधा’ कुणी खोडले?

फोंड्याच्या साफा मशिदीची माहिती देणाऱ्या बहुतेक पत्रकांत एकच वाक्य असते: विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने ही मशीद १५६० मध्ये बांधली. वाक्य ठाम आहे, आणि ते खरे असू शकत नाही. १५५८ ते १५८० या काळात विजापूरच्या गादीवर अली आदिलशहा होता. पहिला इब्राहिम त्याच्या आधीचा, दुसरा त्याच्या नंतरचा. १५६० मध्ये इब्राहिम नावाचा कुणीही सुलतान विजापुरात राज्य करत नव्हता. साल तरी चुकले आहे किंवा नाव तरी. एवढी ढोबळ विसंगती वर्षानुवर्षे छापली जाते, गाईड ती पाठ करतात, शाळेच्या सहलीतली मुले वहीत उतरवून घेतात, आणि कुणाला आदिलशाहीची वंशावळ उघडून पाहावीशी वाटत नाही.

माझी तक्रार चुकीच्या सालाबद्दल नाही. साले चुकतात आणि दुरुस्तही करता येतात. तक्रार त्या वाक्यातून गायब झालेल्या शब्दाबद्दल आहे. ‘बहुधा’, ‘असे सांगतात’, ‘बांधली असावी’ यांपैकी काहीतरी तिथे असायला हवे होते. माहिती कुठून आली आणि तिच्यावर किती भार टाकावा, हे वाचणाऱ्याला सांगणारे हे शब्द. गोव्यात इतिहासाचा मजकूर मराठीतून इंग्रजीत, पोर्तुगीजमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा मराठीत फिरतो, तेव्हा पहिला बळी याच शब्दांचा जातो. क्रियाविशेषण म्हणजे वाक्याला उगाच चिकटलेले शेपूट, असा आमच्या फलक लिहिणाऱ्यांचा ठाम समज आहे.

एका देवस्थानासाठी इंग्रजी मजकूर तयार करताना हे मी जवळून पाहिले. मूळ मराठीत ‘अशी आख्यायिका आहे’ असे स्पष्ट होते. मी ते इंग्रजीत ठेवले. छापून आलेल्या पत्रकात ते नव्हते. विचारले तर उत्तर मिळाले की पर्यटकाला गोंधळात टाकू नये, त्याला स्पष्ट हवे असते. मी विचारतो, स्पष्ट म्हणजे काय? जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक असल्याच्या आवाजात सांगणे? त्याला मराठीत थाप म्हणतात. ती इंग्रजीत आणि संगमरवरावर लिहिली म्हणून तिचा इतिहास होत नाही.

डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला जा. सप्तकोटीश्वर हे कदंबांचे दैवत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. तिथले देऊळ पाडल्यावर लिंग विहिरीवर पाणी काढण्याच्या कामी लावले होते आणि भक्तांनी ते तिथून सोडवून नदीपलीकडे आणले, असे सांगतात. यातले ‘असे सांगतात’ काढून टाका, म्हणजे लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेली आठवण एकदम सरकारी दाखला होऊन बसते. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की, याच देवळाच्या दारावर खरा लेखी पुरावा आहे. शके १५९० चा, म्हणजे १६६८ चा शिलालेख. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवळाचा प्रारंभ झाला, एवढेच तो म्हणतो. त्या वर्षी काम सुरू झाले. पत्रकांत मात्र सरसकट १६६८ मध्ये ‘बांधले’. ज्याने तो शिलालेख कोरला त्याने शब्द तोलून वापरला. साडेतीनशे वर्षांनंतर, छापखाना आणि शब्दकोश हाताशी असताना, आम्हाला तो तसाच पुढे देता येत नाही.

आता याची उलटी बाजू, आणि मला खरा राग आहे तो हिचा.

आमच्या अंत्रुजात, म्हणजे फोंडा महालात, देवळांची रांग आहे. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. या देवळांच्या स्मरणिकांत आणि पर्यटनाच्या पुस्तिकांत ठरीव वाक्य असते: ‘कालांतराने देवस्थान येथे स्थलांतरित झाले.’ इंग्रजीत त्याचे ‘शिफ्टेड’ होते, कर्ता नाही, कारण नाही. कालांतराने! जणू देवाला जुनी जागा आवडेनाशी झाली आणि त्याने बिऱ्हाड बदलले. इथे काळाने काहीही केलेले नाही. माणसांनी केले. गोव्यात इन्क्विझिशन बसले ते १५६० साली. १५६७ मध्ये राशोलच्या किल्ल्याच्या कप्तानाने साष्टीतली देवळे जाळली आणि पाडली. हे शोधायला गुप्तहेर लागत नाही; जेझुइटांनी स्वतःच ते मोठ्या अभिमानाने लिहून ठेवले आहे. ज्यांनी केले त्यांनी लपवले नाही, आणि ज्यांचे देव उठवले गेले त्यांचे वंशज ‘कालांतराने’ लिहून मोकळे होतात.

त्या एका शब्दाखाली आणखी एक गोष्ट गाडली जाते. देव नदी ओलांडून इथेच का आले? कारण तेव्हा अंत्रुज पोर्तुगीजांकडे नव्हते, विजापूरच्या आदिलशाहीकडे होते. साष्टीतून पळालेल्या देवांना आणि त्यांच्या महाजनांना आसरा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात. शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला तो नंतर, १६७५ मध्ये. त्यापुढे मराठे आले, सौंद्याचे राजे आले. हैदरअलीने सौंदे घेतल्यावर तिथला राजा पोर्तुगीजांच्या आश्रयाला आला आणि फोंडा त्यांच्या हाती गेला ते १७६३ पासून. पेडणे तर १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून. ‘नव्या काबिजादी’ म्हणून एका दमात आम्ही जे उच्चारतो त्यात प्रत्येक महालाची कथा वेगळी आहे. हे महाल पोर्तुगीजांकडे इतक्या उशिरा गेले, म्हणून इथली देवळे टिकली, म्हणून इथे मराठी कीर्तन-पुराण चालू राहिले. एवढे सगळे ‘कालांतराने’ या शब्दाने पुसून टाकले, की उरते फक्त दीपस्तंभाचे छायाचित्र.

म्हणजे हिशेब पाहा. जिथे पुरावा नाही तिथला ‘बहुधा’ खोडायचा आणि जिथे पुरावा ढिगाने आहे तिथे ‘कालांतराने’ घुसवायचा. आख्यायिकेला ठामपणा आणि दस्तऐवजाला धुके. हे निव्वळ भाषेचे अज्ञान असते तर दोन्हीकडच्या चुका कशाही विखुरलेल्या दिसल्या असत्या. त्या नेमक्या सोयीच्या बाजूला झुकतात. पहिल्या चुकीने ऐकणारा खूश होतो, दुसरीने कुणी दुखावत नाही. इतिहास सांगणाऱ्याचे काम यांपैकी कुठलेच नाही.

इतिहासाच्या धंद्यात एका क्रियाविशेषणाला किती किंमत असते ते जर्मनांकडून शिकावे. लिओपोल्ड फॉन रांके याने १८२४ साली, भूतकाळ कसा होता ते दाखवणे एवढेच आपले काम, असे म्हणताना ‘आयगेंटलिश’ हा शब्द वापरला. इंग्रजीत त्याचे ‘प्रत्यक्षात’ झाले, आणि रांके म्हणजे कोरड्या तपशिलांचा पुजारी अशी समजूत पसरली. त्या काळच्या जर्मनमध्ये या शब्दाला ‘गाभ्याने, तत्त्वतः’ असाही अर्थ होता, असे पुढे अभ्यासकांनी दाखवले. त्या एका शब्दावर दोन देशांतले विद्वान पिढ्या न् पिढ्या भांडले. ते भांडण रिकामटेकडेपणाचे नव्हते; इतिहासकाराने किती दावा करावा याचे होते.

इतके लांबही जायला नको. पेडण्यात जन्मलेले पांडुरंग पिसुर्लेकर १९३१ पासून गोव्याच्या दफ्तरखान्याचे प्रमुख होते. पोर्तुगीज-मराठे संबंधांवर त्यांनी आयुष्य घातले, पण कागद जेवढे बोलतो तेवढेच बोलायचे ही शिस्त सोडली नाही. अनंत काकबा प्रियोळकर तर याच अंत्रुजातल्या प्रियोळचे. इन्क्विझिशनवरचे त्यांचे पुस्तक १९६१ चे. त्यात कोण, कधी, कुणाच्या हुकमाने, हे सगळे नावानिशी आहे. दफ्तरखाना तर १५९५ पासून आहे, दियोगो दो कोउतोच्या वेळचा. साधनांची वाण या भूमीत कधीच नव्हती.

‘फलकावर जागा कमी असते’ ही सबब मी ऐकून घेणार नाही. ‘बहुधा’ला तीन अक्षरे लागतात. ‘१५६७, राशोलच्या कप्तानाने पाडले’ हे ‘कालांतराने येथे स्थलांतरित झाले’ यापेक्षा लांब नाही. देणगीदारांच्या नावांना अख्खी भिंत मिळते.

देवस्थानांच्या महाजनांनो, आपल्याकडे स्मरणिका दर उत्सवाला निघते आणि तिचा मजकूर तुमच्या सहीशिवाय छापायला जात नाही. या वेळी सही करण्याआधी तो मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवून वाचा. ऐकीव गोष्टीपुढे ‘असे सांगतात’ परत लिहा. जिथे ‘कालांतराने’ दिसेल तिथे साल आणि माणसाचे नाव घाला, आणि खाली भाषांतर करणाऱ्याचेही नाव छापा, म्हणजे चुकीबद्दल विचारायचे कुणाला ते वाचणाऱ्याला कळेल.