मजकूर कोणाचा?

9 ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन. 1874 साली याच दिवशी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जागतिक टपाल संघटनेचा पाया घातला गेला. तो दिवस आता अशा काळात येतो, की दिवाळीच्या शुभेच्छांपासून सांत्वनाच्या चार ओळींपर्यंत सारे कृत्रिम बुद्धिमत्ता लिहून देते. त्याने माणसे जवळ येतील का, हा प्रश्न या दिवसाच्या निमित्ताने विचारलेला बरा. कारण दुसऱ्याच्या हातून पत्र लिहवून घेणे आपल्याला नवे नाही.

मुंबईच्या जीपीओसमोर, कबुतरखान्यापाशी, पत्रलेखक बसत. लिहिता न येणारे हमाल, मजूर, घरकाम करणाऱ्या बाया त्यांच्याकडून मनीऑर्डरचा फॉर्म भरून घेत आणि गावाकडे पत्र धाडत. अक्षर लेखनिकाचे, मायना त्याचा, ‘इकडील सर्व क्षेम’ हेही त्याचेच. पण म्हैस विकू नका, धाकटीला शाळेतून काढू नका, आईचा दमा कसा आहे ते कळवा, हा मजकूर सांगणाऱ्याचा. तो बोलेपर्यंत लेखणी थांबून राही. तारेच्या शुभेच्छा तर क्रमांकावर मिळत. ठरावीक वाक्यांची यादीच तार कचेरीत असे. मात्र वाक्य ठरावीक आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक असे. त्यात कोणाची फसवणूक नव्हती.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी गूगलने एक जाहिरात दाखवली. लहान मुलीला तिची आवडती धावपटू सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन हिला पत्र पाठवायचे आहे. तिचा बाप ते गूगलच्या जेमिनी या कृत्रिम बुद्धिमत्तेला लिहायला सांगतो. लोक इतके चिडले की कंपनीने ती जाहिरात ऑलिंपिकच्या प्रक्षेपणातून काढून घेतली. हा राग रास्त होता. मुलीने लिहिले असते तर ओळी वाकड्या गेल्या असत्या, शब्द चुकले असते, आणि धावपटूने तेच पत्र जपून ठेवले असते. शिवाय मुलीला सुचत नव्हते तर बापाने शेजारी बसून विचारायचे होते, तुला तिचे काय आवडते गं? पत्र जाण्याआधी बापलेकीत जे बोलणे व्हायचे, तेच यंत्राने गिळले. आपल्या घराघरांत आज हेच होऊ घातले आहे, आणि ते मला मनापासून खुपते.

त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात सदस्या जेनिफर वेक्स्टन यांचे भाषण झाले. मेंदूच्या दुर्धर आजाराने त्यांची वाचा क्षीण झाली होती. जुन्या भाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून त्यांचा आवाज पुन्हा घडवला गेला आणि सभागृहाने त्यांचे म्हणणे त्यांच्याच आवाजात ऐकले. इथे यंत्राने जीपीओसमोरच्या लेखनिकाचे काम केले. सांगणारी व्यक्ती होती, सांगायचे होते, अडत होते ते फक्त शरीर.

आपल्याकडे शरीराइतकीच भाषाही अडवते. गडचिरोलीतल्या आरोग्य केंद्रात गोंडी बोलणारी बाळंतीण आणि मराठी बोलणारी परिचारिका समोरासमोर असतात, तेव्हा कुठे दुखते, किती दिवसांपासून, हे सांगायलाही बहुतेकदा गावातली आशाताईच मध्ये लागते. ती नसेल तेव्हा हातवाऱ्यांवर भागते. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर 2025 मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे अ‍ॅप आणले. पहिल्या टप्प्यात संथाली, मुंडारी, भिली आणि गोंडी या भाषा घेतल्या. शुभेच्छा लिहून देणाऱ्या शंभर सोयींपेक्षा हे एक काम मोलाचे आहे. औषधाच्या मात्रेत भाषांतराची एक चूकही जिवावर बेतू शकते, म्हणून आशाताईला बाजूला सारून नव्हे, तिला सोबत ठेवूनच ते वापरले पाहिजे.

मेळघाटातली कोरकू आणि यवतमाळकडची कोलामी त्या पहिल्या यादीत नाहीत. यंत्राला भाषा शिकवायची तर तासन् तास बोललेली, नीट उतरवून घेतलेली भाषा लागते. राज्य सरकारने हे काम हाती घ्यावे. त्या पाड्यांवरच्या माणसांना योग्य मेहनताना द्यावा, आणि आपल्या बोलीचे ध्वनिमुद्रण कोणी, कशासाठी वापरायचे, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच ठेवावा.