काचेला विल्हेवाट म्हणू नका

पांढुर्ण्याच्या आमच्या बैठकीत मंडला जिल्ह्यातील नियोजित चुटका अणुप्रकल्पाविषयी वाद चालला असता एका विद्वान स्नेह्यांनी तो एका वाक्यात मिटविला : "कचऱ्याचे काय घेऊन बसलात? त्याची काच करून विल्हेवाट लावतात!" या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे आणि उत्तरार्ध खोटा.

पूर्वार्धाला मान दिलाच पाहिजे. वापरलेल्या इंधनातून उपयुक्त धातू काढून घेतल्यावर जे जहाल आम्लद्रव उरते, ते तारापूर व तुर्भे येथे वाळू व बोरॉनयुक्त द्रव्यांसह सुमारे १००० अंश उष्णतेवर वितळवून त्याची काच करतात आणि ती पोलादी डब्यांत ओततात. काच फुटली की विष सांडेल, ही भीती अडाणीपणाची होय. बरणीत लोणचे भरावे तसा हा कचरा काचेत भरलेला नसतो. बांगडीत रंग असतो तसा तो तिच्या अंगात मुरलेला असतो. बांगडी फुटली म्हणून रंग ओघळत नाही. पाण्याला तो सहजासहजी धुऊन नेता येत नाही, हे या विद्येचे यश.

परंतु त्या काचेतून किरणे व उष्णता बाहेर पडतच राहतात. म्हणून तर ते डबे जाड काँक्रीटच्या कोठारात, खेळत्या हवेने थंड करीत, राखावे लागतात. खोल खडकातील कायमचे स्थान भारतात अद्याप कोठेही नाही. ज्याची अहोरात्र राखण करावी लागते त्यास 'विल्हेवाट' म्हणणे म्हणजे फुटलेल्या बांगडीला 'वाढली' म्हणणे. घरात ते शोभते, सरकारी कागदात नव्हे. आम्हा वकिलांच्या भाषेत ही ठेव आहे, आणि ठेव सांभाळणाऱ्याने हिशेब द्यावयाचा असतो.

तो किती काळ? सीझियम व स्ट्रॉन्शियम यांचे तेज सुमारे ३० वर्षांनी निम्मे होते. सहस्रांशावर यावयास ३०० वर्षे. ३०० वर्षांपूर्वी या मुलखावर देवगडच्या गोंड राजांचा अंमल होता. मग भोसले आले, इंग्रज आले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला व आम्ही मराठी बोलणारे मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला. एवढ्या उलाढालीत सौंसरच्या एखाद्या शेताचे जुने वाटणीपत्र शोधताना माझी दमछाक होते! नेपच्युनियमला निम्मे व्हावयास तर २० लाखांहून अधिक वर्षे लागतात. तेथे दप्तराची गोष्टच नको.

१९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखण्याचा अधिकार सरकारला दिला होता. शस्त्रांची गुपिते खुशाल राखा. कचऱ्याचे गुपित कशासाठी? चुटक्याची भट्टी चालू झाली तर तिचे इंधन कोठे जाईल, काच कोठे होईल, डबे कोणाच्या ताब्यात राहतील, हे बर्गी धरणाने एकदा उठविलेल्या तेथील लोकांना हिंदीत आणि गोंडीत लेखी द्या. संमती त्यानंतर मागा. आमच्या स्नेह्यांना पुढल्या बैठकीत मी एवढेच विचारणार आहे, की या ठेवीची पावती कोणी कोणाला दिली आहे?