पुरावा कोणी द्यायचा?

केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या सरकारी मळ्यांवर सुमारे दोन दशके, २००० सालापर्यंत, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. आसपासच्या वस्त्यांत व्यंग असलेली मुले जन्मू लागली, तरी कीटकनाशक उद्योगाचे पालुपद एकच होते: कार्यकारणसंबंध निर्विवाद सिद्ध झालेला नाही. शंकेचा फायदा विषाला, किंमत मात्र श्रमिकांच्या लेकरांनी मोजायची, हा कुठला न्याय?

गंभीर हानीचा धोका असताना वैज्ञानिक अनिश्चिततेची सबब चालणार नाही. आपले काम निरुपद्रवी असल्याचे उद्योगानेच सिद्ध करावे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच दिला होता. तरीही देशव्यापी बंदी आली ती २०११ साली, तीही डीवायएफआय या युवक संघटनेच्या याचिकेवर. संशोधन अवश्य चालावे. पण ते पूर्ण होईतो विषाची फवारणी थांबलेलीच असली पाहिजे.