धरण उतरते तेव्हा

उन्हाळ्यात वामीचे आतडे उभे चिरले, की पुष्कळदा आतून पांढरी, चपटी फीत निघते. मासे साफ करणारे ती बोटाने ओढून फेकतात आणि पुढचा मासा घेतात. तीच भिंगाखाली धरली, तर डोक्यावर आकड्यांचे कडे दिसते आणि दोन बाजूंना दोन खाचा. त्यांच्या जोरावर हा पट्टकृमी आतड्याला चिकटून राहतो आणि माशाने पचवलेले अन्न अंगाने शोषून घेतो. माणसाला त्याच्यापासून धोका नाही. आतडे काढून नीट शिजवलेला मासा निर्धास्त खावा. नुकसान होते ते माशाचे. तो वाढत नाही, वजन भरत नाही आणि जाळे ओढणाऱ्याच्या पदरात कमी पैसे पडतात.

या कृमींचा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या डॉ. जी. बी. शिंदे यांनी 1968 मध्ये ‘सर्कमऑन्कोबोथ्रियम’ ही नवी प्रजाती मरळीच्या कुळातल्या माशातून नोंदवली. पुढे त्याच वाटेने मराठवाड्यात आणि नगर जिल्ह्यातही प्राणिशास्त्राच्या अनेक अभ्यासकांनी महिनोन्महिने मासे चिरून जंत मोजले. त्यांतून बहुतेक वेळा निघालेला निष्कर्ष असा, की लागण उन्हाळ्यात सर्वाधिक, हिवाळ्यात त्याहून कमी आणि पावसाळ्यात सर्वांत कमी.

कारण पाण्यातच आहे. कृमीची अंडी माशाच्या विष्ठेतून पाण्यात पडतात, त्यांतून निघालेला सूक्ष्म जीव सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलचराच्या पोटात जातो आणि तो सायक्लॉप्स माशाच्या. हा सायक्लॉप्स जुन्या पिढीला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. नारू पसरवणारा तोच. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, पाणी फडक्याने गाळून प्यायला शिकवून आपण नारू घालवला आणि 2000 साली देश नारूमुक्त ठरला. पण सायक्लॉप्स कुठेही गेलेला नाही. ऊन वाढले, पाणी कोमट झाले की त्याची संख्या वाढते. पाणी आटले की मासा, सायक्लॉप्स आणि अंडी एकाच डबक्यात दाटतात. पहिल्या पुराबरोबर हे सगळे पांगते.

आता हे आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याला लावून पाहू. मुळा धरणाची क्षमता 26 टीएमसी, त्यातला साडेचार टीएमसी मृतसाठा. पाऊस सह्याद्रीच्या कड्याला, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला पडतो. राहुरी, नेवासे, पाथर्डी पर्जन्यछायेत. म्हणजे या धरणाचे पाणी कधी चढेल हे ढग ठरवतात, पण ते कधी आणि किती उतरेल हे आवर्तन, म्हणजे कालव्यांना पाणी सोडण्याची पाळी, ठरवते. शेतीचे आवर्तन लागोपाठ सुटले, की पाणी झपाट्याने मृतसाठ्याकडे सरकते आणि धरणातले मासे उरलेल्या पाण्यात कोंडले जातात. एखाद्या वर्षी ही वेळ मे महिन्यात येते, दुष्काळात फेब्रुवारीतच येऊ शकते. अशा वर्षी माशाचा ‘उन्हाळा’ पंचांगाच्या कितीतरी आधी सुरू होतो. म्हणून उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीनच रकाने आखून आपले काम भागणार नाही. जंतांच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची धरणाची पातळी लिहिलीच पाहिजे. ती तर पाटबंधारे खात्याकडे रोज नोंदवली जाते.

दुसरी अडचण नमुन्याची. अभ्यासासाठी मासा बहुधा बाजारातून घेतला जातो. नगरच्या बाजारात मुळेचाही मासा येतो, उजनीचाही आणि आंध्रातून बर्फात आलेला कटलाही. अशा माशावरून महिना कळतो, पाणी कळत नाही. ज्या पाण्यावर जाळे पडते तिथेच, मच्छीमार संस्थेच्या माणसाबरोबर उभे राहून मासा घेतला, तरच आकड्याला अर्थ आहे.

शेततळ्यांत तर परजीवींच्या हंगामाचे हे ज्ञान आजच वापरता येईल. प्लॅस्टिकच्या कागदाच्या तळ्यात उन्हाळ्यात माशांच्या अंगाला उवा, म्हणजे आर्ग्युलस, लागतात. मासा कडेला अंग घासू लागतो. ही ऊ आपली अंडी पाण्यातल्या टणक पृष्ठभागाला चिकटवते. पाण्यात लाकडी फळ्या उभ्या सोडाव्यात, आठवड्याने काढून कडक उन्हात वाळवाव्यात आणि पुन्हा सोडाव्यात. औषधाला पैसा लागत नाही. थंडीत मात्र लक्ष दुसरीकडे हवे. तेव्हा त्रास अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या एकपेशीय परजीवीचा.

इतके सगळे माहीत असून ते प्रबंधांच्या बांधणीत पडून राहावे, याची खंत वाटते. धरणाचे आवर्तन कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. तिथे उसाचा विचार होतो, फळबागांचा होतो, पिण्याच्या पाण्याचा होतो आणि तो व्हायलाच हवा. त्याच बैठकीत मच्छीमार सहकारी संस्थेच्या प्रतिनिधीला खुर्ची द्यावी आणि आवर्तनाच्या तारखा त्याच्या हाती आधी पडाव्यात. पाणी मृतसाठ्याला टेकण्यापूर्वी तयार मासा काढायचा की ठेवायचा आणि नवी बोटुकली कधी सोडायची, हे त्याला तेव्हा ठरवता येईल. जवळच्या महाविद्यालयाने त्या हंगामाचे जंतांचे आकडे एका पानावर, मराठीत लिहून संस्थेच्या फलकावर लावावेत.